आर-८ रिव्हॉल्व्हर: घोडा पडण्याची वेळ कशी साधायची

काउंटर-स्ट्राइक २ (सीएस२) या गोळीबाराच्या संगणक खेळात आर-८ ही रिव्हॉल्व्हर घेणारे बहुतेक खेळाडू दोन-चार राउंडांत ती सोडून पुन्हा डिगलकडे, म्हणजे डेझर्ट ईगल पिस्तुलाकडे, वळतात. माउसचं डावं बटण दाबलं की गोळी लगेच सुटत नाही, हे त्यामागचं कारण. आधी घोडा मागे जातो, मग पडतो, आणि तेवढ्या वेळात समोरचा भिंतीआड गेलेला असतो किंवा त्याने आपल्याला टिपलेलं असतं. पण ही बंदूक शिकायची म्हणजे हा उशीरच शिकायचा. तो एकदा बोटात बसला की ६०० डॉलरमध्ये एवढा जबर मार देणारं दुसरं काही खेळातल्या दुकानात नाही.

हा उशीर कुठून आला ते समजायला खऱ्या बंदुकीकडे जावं लागतं. खेळातली आर-८ ही स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल ३२७ घराण्यातल्या आर-८ वरून घेतली आहे. .३५७ मॅग्नम काडतूस, सहाऐवजी आठ घरांचं सिलिंडर, पाच इंची नळी. फ्रेम स्कँडियम मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असल्यामुळे एवढ्या मोठ्या बांध्याची बंदूक रिकामी असताना साधारण एक किलोच भरते. आठ गोळ्या मावतात, कारण कंपनीची ही 'एन' फ्रेम मुळात .४४ च्या जाड काडतुसांसाठी घडवलेली. तीत .३५७ ची बारीक काडतुसं घातली की दोन घरांची जागा जास्तीची निघते. मग प्रत्येक गोळीला सिलिंडर ६० ऐवजी ४५ अंशच फिरतं.

काडतूस मात्र बंदुकीपेक्षा खूप जुनं आहे. १९३० च्या सुमारास अमेरिकेत गुंड मोटारीतून पळू लागले, चिलखती जाकिटं घालू लागले. पोलिसांच्या .३८ स्पेशलची गोळी मोटारीच्या पत्र्यापुढे कमी पडायची. बंदुकांचे जाणकार एल्मर कीथ आणि फिलिप शार्प आणि स्मिथ अँड वेसनचे डग्लस वेसन यांच्या खटपटीतून .३५७ मॅग्नम तयार झालं आणि १९३५ मध्ये बाजारात आलं. गोळीचा व्यास .३८ स्पेशलचाच ठेवला, पण काडतुसाची नळकांडी सुमारे तीन मिलिमीटरने लांब केली. तो लांबपणा दारू जास्त भरण्यापुरता नव्हता. जास्त दाबाचं हे काडतूस जुन्या .३८ मध्ये बसूच नये, ही खबरदारी त्यात होती. उलट .३८ स्पेशल मात्र .३५७ च्या बंदुकीत बिनधोक चालतं. पहिली बंदूक एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांना देण्यात आली. त्याच वर्षी अमेरिकी लष्करातले, पुढे जनरल झालेले जॉर्ज पॅटन यांनीही एक घेतली होती.

आता घोड्याकडे. डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये ट्रिगरची एकच लांब ओढ तीन कामं करते: सिलिंडर फिरवते, घोडा उचलते आणि शेवटी तो सोडते. म्हणून ती ओढ जड असते. अंगठ्याने घोडा आधीच मागे ओढून ठेवला तर ट्रिगरला फक्त सोडायचं काम उरतं. ओढ हलकी, छोटी होते आणि नेम स्थिर राहतो. खेळाने हे उलटं करून टाकलं आहे. डावं बटण म्हणजे सावकाश पण अचूक गोळी, उजवं बटण म्हणजे झटपट पण भरकटणारी. खऱ्या जगात कसलेला माणूस ती जड ओढही अचूक आणि झपाट्याने मारतो. अमेरिकी नेमबाज जेरी मिक्युलेक यांनी १९९९ मध्ये स्मिथ अँड वेसनच्याच आठ गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरने एका सेकंदात आठही गोळ्या झाडल्या होत्या. म्हणजे आर-८ चा संथपणा हा खेळाचा तोल राखण्यासाठी घातलेला लगाम आहे. त्याची गरजही होती. ८ डिसेंबर २०१५ ला ती आली तेव्हा अंगावर एक गोळी लागली तरी माणूस खलास व्हायचा, आणि काही दिवसांतच खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीला तिचा मार कमी करावा लागला.

आजचे आकडे पाठ करून ठेवा, कारण कुठे नेम धरायचा ते त्यांवरूनच ठरतं. मूळ मार ८६ (खेळाडूचा पूर्ण जीव १००), आणि चिलखतातून त्यातला ९३ टक्के पार जातो. डोक्यावर एक गोळी पुरते, हेल्मेट असलं तरी. छातीवर चिलखत असताना जवळून ८० लागतात. पोटावर मार सव्वापट होतो, म्हणजे चिलखत नसलेला माणूस जवळून पोटावरच्या एका गोळीत पडतो. पाय चिलखताखाली येत नाहीत, तिथे ६४. याचा अर्थ असा की नेहमीच्या लढाईच्या अंतरावर कुठेही दोन गोळ्या लागल्या की काम झालं. डिगलच्या दोन गोळ्या चिलखती छातीवर बसल्या तरी समोरचा जेमतेम जिवंत राहतो, तिसरी लागते. शिवाय अंतर वाढेल तसा आर-८ चा मार डिगलपेक्षा हळू घटतो. डोकं टिपण्यात दोघी सारख्याच. मग आर-८ घेऊन केवळ डोक्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. नेम मानेच्या उंचीवर ठेवा: वर चुकला तर डोकं, खाली चुकला तर छाती.

वेळ साधण्याची रीत अशी. भिंतीआड असतानाच डावं बटण दाबून धरा आणि घोडा मागे जाऊ लागला की बाहेर पाऊल टाका. कोपरा ओलांडताच उलट्या दिशेची कळ क्षणभर दाबून थांबा. डावीकडून आलात तर डावीकडची. थांबणं आणि घोडा पडणं एकाच वेळी व्हायला हवं. आधी थांबलात तर उघड्यावर उभे राहून वाट बघावी लागते, उशिरा थांबलात तर चालताना सुटलेली गोळी कुठेही जाते. समोर कोणी नसेल तर घोडा पडण्याआधी बोट उचला, गोळी वाचते. मात्र घोडा मागे धरून कितीही वेळ थांबता येत नाही; बटण दाबलेलं राहिलं तर गोळी सुटतेच.

सरावासाठी आधी डेथमॅच (मेलात तरी लगेच परत येऊन सतत लढायचा खेळप्रकार) नको, तिथल्या गर्दीत माणूस घाबरून उजवं बटण दाबू लागतो. प्रॅक्टिसमध्ये एकटेच जा, एक कोपरा आणि भिंतीवरची एक खूण निवडा, आणि गोळीचा डाग खुणेपासून किती सरकतो ते बघत राहा. डाग दर वेळी वेगळ्या बाजूला पडत असेल तर तुम्ही चालता चालता झाडत आहात. डाग एकाच जागी पण खुणेपासून दूर पडत असतील तर थांबणं बरोबर आहे, कोपऱ्यामागे क्रॉसहेअर (पडद्यावरचं नेमाचं चिन्ह) चुकीच्या जागी धरला जातोय. हे जमल्यावर डेथमॅचमध्ये जा.

उजवं बटण हातभर अंतरासाठी राखून ठेवा. कोणी अंगावरच आलं, तुम्ही मागे फिरलात आणि तो तिथेच उभा आहे, अशा वेळी. खोलीच्या पलीकडच्या टोकाला उजव्या बटणाने झाडणं म्हणजे गोळ्या वाया घालवणं आहे, आणि त्या तुमच्याकडे फार नाहीत: आठ भरलेल्या, आठ जवळ. डिगलला सात आणि वर पस्तीस मिळतात. धुरातून अंदाजाने झाडायला किंवा भिंतीपलीकडच्याला हैराण करायला आर-८ वापरू नये ती याचसाठी.

खरेदीचं गणित. पहिल्या राउंडला हातात ८०० असतात. आर-८ चे ६०० गेले की एक फ्लॅश (डोळे दिपवणारा ग्रेनेड) येतो, चिलखत नाही. दोन्हीकडचे पाचही जण एकमेकांवर झपाट्याने झाडत असताना संथ बंदूक मागे पडते, म्हणून तिथे ६५० चं चिलखत घेणं मला जास्त पटतं. तिची खरी जागा हरलेल्या राउंडनंतरच्या फोर्समध्ये (पैसे कमी असूनही केलेल्या खरेदीत) आहे. हेल्मेटसह चिलखत १०००, आर-८ ६००, एकूण १६००. साथीदाराला कोपऱ्यावर फ्लॅश टाकायला सांगा, त्यामागून घोडा ओढत बाहेर या. एक जण पडला की त्याची रायफल लगेच उचला. त्या राउंडमध्ये आर-८ चं काम तेवढंच होतं. ग्रेनेडने २०-२५ जखमी झालेला माणूस छातीवरच्या एका गोळीत जातो, तेव्हा कोणाला किती लागलंय हे साथीदारांनी ओरडून सांगत राहावं.

सीएस२ मध्ये पिस्तुलांसाठी लोडआउटमध्ये (आधीच निवडून ठेवलेल्या शस्त्रांच्या यादीत) पाच जागा आहेत, त्यामुळे आर-८ साठी डिगल काढावी लागत नाही, दोन्ही ठेवता येतात. सीटी (दहशतवादविरोधी) आणि टी (दहशतवादी) या दोन्ही बाजूंना ती स्वतंत्रपणे लावायला मात्र विसरू नका. अर्ध्या सामन्यानंतर बाजू बदलली की दुकानात आर-८ सापडत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

समोर एडब्ल्यूपी ही स्नायपर रायफल लावून कोणी थेट नजरेच्या रेषेत बसला असेल तर त्याच्याशी आर-८ ने द्वंद्व करू नका, त्याची गोळी बटण दाबताच सुटते. वाट बदला, किंवा त्याला एक गोळी झाडायला लावा आणि तो बोल्ट ओढत असताना बाहेर या. घोडा मात्र त्याच्या गोळीचा आवाज येताच ओढायला घ्या, बाहेर आल्यावर नाही.