जुना विजेचा पंखा दुरुस्त करताय? मूळ रंग घालवणाऱ्या या चुका टाळा

वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, जळलं तर पुन्हा भरून मिळतं. बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी, झिजला तर लेथवर नवा करून घेता येतो. वायर तर बदलायचीच असते. पण शंभर वर्षांपूर्वी कारखान्याच्या भट्टीत भाजलेला रंग एकदा निघाला की निघालाच. तरीही जुना पंखा हातात आला की बहुतेक जण आधी रंगालाच हात घालतात, आणि तोही तारेचा ब्रश घेऊन. जुना रंग म्हणजे मळ, ही समजूत इतकी पक्की असते की पंखा आधी नीट पाहायलाही कुणी थांबत नाही.

थिनरचं फडकं

सगळ्यात जास्त पंखे या एका चुकीने गेले आहेत, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या टेबल पंख्यांची बिडाची बैठक आणि मोटरचं कवच बहुधा जपान ब्लॅकने रंगवलेलं असे. डांबर, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन यांचं हे वार्निश भट्टीत भाजून कडक करत. नवं असताना ते चिवट असतं, पण ऊन, तेल आणि धूळ खाऊन त्याचा वरचा थर कमजोर होतो. अशा थरावर थिनर पडला की डांबर विरघळू लागतं. बैठकीवरच्या सोनेरी रेघा त्याहून नाजूक. पितळेची भुकटी वार्निशमध्ये कालवून त्या ओढलेल्या असतात. वार्निश गेलं की भुकटी फडक्यावर येते.

एका बारा इंची पंख्याचं काय झालं ते पाहा. बैठकीभोवती दुहेरी सोनेरी रेघ होती, सगळ्यावर तेलकट पिवळा थर होता, आणि मालकाला संध्याकाळपर्यंत पंखा लखलखीत हवा होता. त्याने फडकं थिनरमध्ये बुडवून घासायला घेतलं. पहिली दोन मिनिटं सुरेख गेली: मळ निघाला, खालचा काळा चमकला. मग फडकं तपकिरी होऊ लागलं. तो समजला, अजून मळ आहे, आणि त्याने जोर वाढवला. दुसऱ्या दिवशी बैठकीवर चिकट डाग होते, कडांना करडं बीड उघडं पडलं होतं आणि एका बाजूची रेघ पूर्ण गेली होती. डाग एकसारखे करायला त्याने पॉलिश पेपर मारला, आणि पॉलिश पेपरनंतर स्प्रे रंगाशिवाय काही उरलं नाही. वेग बदलायच्या दांड्याखाली, जिथे फडकं पोचलं नव्हतं, तिथे दोन बोटं लांबीची मूळ रेघ तेवढी शिल्लक होती. खोल काळ्या थरावर बारीक, किंचित हिरवट पडलेली. बाकीचा पंखाही तसाच होता.

साफ करायची रीत संथ आहे, आणि ती संथच हवी. आधी मऊ ब्रशने धूळ झटका. व्हॅक्यूमच्या तोंडावर पातळ जाळीचं कापड बांधून ते शेजारी धरा, म्हणजे सुटणारा पापुद्रा आत ओढला जाणार नाही. मग बैठकीच्या खालच्या कडेवर किंवा मोटरच्या मागच्या बाजूला नखाएवढी जागा निवडा. काडीला कापसाचा बोळा गुंडाळून तो आधी कोरडा, मग डिस्टिल्ड वॉटरने ओला करून, मग साबणाच्या पाण्याने आणि शेवटी मिनरल टर्पेंटाइनने फिरवून पाहा. बोळा घासायचा नाही, लोळवायचा. त्यावर करडा किंवा पिवळा रंग आला तर तो मळ. तपकिरी-काळा, पारदर्शक डाग आला तर तो तुमच्या पंख्याचा रंग आहे; तिथेच थांबा आणि त्या द्रवाची बाटली कामाच्या टेबलावरून उचलून ठेवा. सोनेरी रेघेची चाचणी वेगळी घ्या. काळा रंग टिकला म्हणून रेघ टिकेल असं मुळीच नाही.

साबण सौम्य आणि न्यूट्रल, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा असावा. एक लिटर पाण्याला दोन-तीन मिलीलिटर खूप झालं. एका वेळी तळहाताएवढा भाग घ्या, बोळा पिळून वापरा, साध्या पाण्याच्या बोळ्याने साबण काढा आणि लगेच कोरडं करा. रंगाच्या तड्यातून पाणी आत गेलं की खाली गंज धरतो आणि महिन्याभराने फोड वर येतो. सगळं वाळल्यावर मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा (खनिज तेलापासून केलेलं बारीक कणांचं मेण) अगदी पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी सुती कापडाने उजळा. वॅक्समध्येही टर्पेंटाइनसारखा द्रव असतो, त्यामुळे त्याचीही चाचणी आधी त्याच कोपऱ्यात घ्यायची. गाड्यांचं रबिंग कंपाउंड आणि सिलिकॉनचं पॉलिश जुन्या रंगाच्या आसपासही आणू नका. कंपाउंड थर खातं, आणि सिलिकॉन बसलं की पुढे त्यावर कोणतंही डागडुजीचं काम धरत नाही.

इतकं करूनही पंखा नवा दिसणार नाही. तो जुना आणि स्वच्छ दिसेल. ज्याला हे चालत नसेल त्याने मूळ रंगाचा पंखा न घेता आधीच रंग गेलेला घ्यावा. तो हवा तसा रंगवता येतो आणि कुणाचं नुकसानही होत नाही. पावडर कोटिंगचा सल्ला देणाऱ्यांनाही हेच सांगणं. त्यासाठी आधी सगळा रंग वाळूच्या माऱ्याने उडवावा लागतो.

पितळी पाती आरशासारखी चमकवणं

बऱ्याच पितळी पात्यांवर आणि जाळ्यांवर कारखान्यातून पारदर्शक लॅकर, म्हणजे वार्निशसारखा पातळ थर, दिलेलं असतं. तपकिरी छटा ही बऱ्याचदा त्या लॅकरची असते. पॉलिश मारलं की ती जाते, पात्यावर ठोकलेली पेटंटची अक्षरं झिजतात, आणि उघडं पितळ काही आठवड्यांत पुन्हा काळवंडतं. मग पुन्हा पॉलिश, आणि पुन्हा झीज.

याहून मोठा धोका अमोनियाचा. पितळ चमकवणाऱ्या अनेक द्रवांत तो असतो. ताण असलेल्या पितळेला अमोनिया लागला की त्यात तडे जाऊ शकतात. ब्रिटिश लष्कराच्या पितळी काडतुसांना भारतात पावसाळ्यात असेच तडे जात. काडतुसं तबेल्यात ठेवलेली असत, आणि तिथे घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया हे त्याचं कारण होतं. पंख्याच्या पात्यात मोठा ताण रिव्हेटपाशी असतो, पॉलिशही तिथल्याच फटीत साचून राहतं, आणि हेच पातं मिनिटाला हजाराहून जास्त फेरे घेतं. तुटलं तर जुन्या जाळीच्या रुंद फटींतून ते सरळ बाहेर येऊ शकतं.

म्हणून पाती साबणाच्या पाण्याने पुसा, कोरडी करा आणि छटा राहू द्या. आधी कुणी पॉलिश केलेलं असेल तर रिव्हेटभोवती तडे तपासा: रॉकेल लावून पाव तास थांबा, पूर्ण कोरडं पुसा आणि खडूची बारीक पूड भुरभुरवा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर झिरपून खडूवर बारीक रेघ उमटते. अशी रेघ दिसली की तो पंखा फिरवायचा नाही, फक्त मांडून ठेवायचा.

वाकलेलं पातं नजरेच्या अंदाजाने हाताने सरळ करू नका. टेबलावर एक काडी पात्याच्या टोकाशी रोवा, हाताने फिरवून प्रत्येक टोक काडीपासून किती अंतरावरून जातं ते मोजा. दोन-तीन मिलीमीटरचा फरक चालतो.

सरळ प्लगमध्ये लावून बघणं

"चालतो का ते बघू" या उत्साहात वाइंडिंग जळतात. आधी नामपट्टी वाचा: व्होल्ट, सायकल (म्हणजे आजचे हर्ट्झ), अँपिअर, एसी की डीसी. 110 व्होल्टचा पंखा 230 वर लावला तर काही क्षणांत धूर निघतो. 60 सायकलचा पंखा 50 वर हळू फिरतो आणि जास्त तापतो. त्याला व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी द्यावं, म्हणजे 110 ऐवजी 90-92. त्यासाठी ट्रान्सफॉर्मर वापरा, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर नको. पट्टी मात्र पुसूनच वाचा, घासून नाही; तिच्या अक्षरांतला काळा रंग घासल्याने निघून जातो.

जुन्या वायरीचं रबर वाळून ठिसूळ झालेलं असतं. बोटाने दाबलं तरी चुरा होतो. मोटरमधून बैठकीत जाणारी वायर तर पंखा मान हलवतो तेव्हा रोज वाकत असते, त्यामुळे ती न तपासता वीज देणं म्हणजे बिडाच्या बैठकीत वीज उतरवणं. ती बदला. आत पांढरट, तंतूसारखं उष्णतारोधक वेष्टण दिसलं तर ते अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. खरवडू नका, फुंकू नका.

मग मेगरने (इन्सुलेशन तपासायचं मीटर) वाइंडिंग आणि कवच यांच्यातला रोध मोजा. एक मेगाओमपेक्षा कमी आला तर बहुधा ओल असते. पंखा खोक्यात ठेवून आत साधा बल्ब लावा, तापमान साठ अंशांच्या आत ठेवा आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा मोजा. जास्त तापवलं तर सुती इन्सुलेशनमधली लाख मऊ होते. रोध ठीक आला की पहिली वीज 60 वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये घेऊन द्या. बल्ब पूर्ण तेजाने पेटला तर आत शॉर्ट आहे.

पंखा गुणगुणतो पण फिरत नाही? लगेच बंद करा. काही पंख्यांत वेग आला की सुरुवातीचं वाइंडिंग तोडणारा सेंट्रिफ्यूगल स्विच असतो; पंखा फिरलाच नाही तर तो उघडत नाही आणि ते वाइंडिंग फार वेळ तग धरत नाही.

नवी वायर कापडी वेणीची, तीन तारांची घ्या. बैठकीच्या आत गाठ मारा म्हणजे ताण जोडावर येत नाही. अर्थिंग बैठकीच्या खालच्या, न दिसणाऱ्या उघड्या धातूवर, मुळातल्याच स्क्रूला जोडा. नवं भोक पाडू नका.

बाकीच्या, थोडक्यात

गंज सोडवणारा स्प्रे बुशमध्ये मारू नका. तो उरलंसुरलं तेल धुऊन टाकतो आणि स्वतः उडून जातो. नमद्याची वात बदला किंवा धुवा, आणि डिटर्जंट नसलेल्या एसएई 20 (हा तेलाच्या दाटपणाचा आकडा) तेलाचे तीन-चार थेंब द्या. जास्त तेल वाइंडिंगमध्ये आणि तिथून रंगावर जातं.

गिअरबॉक्समधलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असताना पंखा मान हलवतो का ते बघू नका, दाते तुटतात. रॉकेलने साफ करून निम्म्यापर्यंत नवं ग्रीस भरा.

अडकलेल्या स्क्रूभोवती तेल ओतल्यास रंगावर कायमचा डाग पडतो. काडीने एकच थेंब टाका, रात्रभर थांबा. तरीही हलला नाही तर सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर दोन-तीन मिनिटं टेकवा. उष्णता मुख्यतः स्क्रूलाच मिळते, त्यामुळे रंग सहसा करपत नाही. स्क्रूड्रायव्हर खाचेत पूर्ण बसणारा हवा. नसेल तर घासून बसवा.

रंगावर स्टील वूल वापरू नका. थर निस्तेज होतो आणि तुटलेले तंतू मोटरमध्ये जाऊन बसतात.

जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

डागडुजी करायची तर फक्त जिथे रंग मुळातच गेला आहे तिथे, आणि नंतर काढता येईल अशी. आधी वॅक्सचा थर, त्यावर पाण्यातल्या रंगाचा बारीक ब्रश, वर पुन्हा वॅक्स. जलरंग वॅक्सवर धरत नसेल तर पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. नुसता काळा वापरू नका. जपान ब्लॅक पातळ जागी तपकिरी दिसतो, म्हणून काळ्यात थोडा जळका तपकिरी मिसळा आणि दिवसाच्या उजेडात जुळवून पाहा.