राजदूत ३५०चं इंजिन घरी बांधायचंय? आधी एवढं जमवा

फरीदाबादच्या एस्कॉर्ट्समध्ये १९८३ पासून बनलेली राजदूत ३५० मोटरसायकल ज्यांच्या घरी आहे, त्यांनी तिचं इंजिन स्वतः बांधावं असं मला मनापासून वाटतं. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. पण तयारी अर्धवट असेल तर नवा पिस्टनही टिकत नाही.

म्हणून इंजिन चेसिसमध्ये असतानाच प्रेशर टेस्ट करून घ्या. कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर काढून चारही तोंडांना रबरी बुचं घट्ट बसवा. दोन्ही सिलिंडर एकदमच बंद करायचे, कारण क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) मधलं लॅबिरिंथ सील, म्हणजे न घासणारं खाचांचं सील, पूर्ण हवाबंद नसतं. एका बुचातून ट्यूबचा व्हॉल्व्ह घालून हातपंपाने ६ पीएसआय हवा भरा. ती ६ मिनिटं टिकायला हवी. गळती कुठे आहे ते साबणाचं पाणी दाखवतं. क्रँकचं डावीकडचं, पॉइंटच्या (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या कॉन्टॅक्टच्या) बाजूचं सील गेलं असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन तापून धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकतो. उजवीकडचं, क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल जळून पांढरा धूर येतो. सील तपासल्याशिवाय बोअर करायला, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करायला, कुणी सांगितलं तर ऐकू नका.

हत्यारांत रोटरचा पुलर, क्लच हब धरायचं हत्यार, टॉर्क पाना, फिलर गेज आणि डायल गेज हवेतच. केसिंगचे स्क्रू जपानी खाचेचे असतात. साध्या स्क्रू ड्रायव्हरने त्यांची डोकी झिजतात, त्यामुळे योग्य टोकाचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या.

आता खरेदी. आधी पिस्टन, मग बोअर; हा क्रम कधीही उलटा करू नका. मूळ बोअर ६४ मिमीचा. ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा मोठे) पिस्टन हातात आले की दोन्हींवर डावा-उजवा लिहून टर्नरकडे द्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडर त्याच्याच पिस्टनच्या मापाने होईल. बोअरनंतर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या) कडा हलक्या घासून मोडायला आवर्जून सांगा. धारदार कडेत रिंग अडकून तुटते, आणि हे काम सर्रास राहून जातं. राजदूत ३५०च्या हाय टॉर्क (जास्त ताकदीची) आणि लो टॉर्क (कमी ताकदीची) या दोन प्रकारांचे पोर्ट वेगळे असतात, म्हणून सिलिंडर बदलायची वेळ आलीच तर जोडी एकाच प्रकारची घ्या. पॅकिंगचा पूर्ण सेट, सील आणि सर्क्लिप नवेच लागतात. पुण्यात असाल तर नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांपासून शोध सुरू करा.

क्रँक घरी उघडू नका. तो प्रेसवर दाबून जोडलेला असतो. काम करून परत आला की टोकांचा रनआउट (फिरताना होणारी डगमग) ०.०३ मिमीच्या आत आहे का, ते स्वतः डायल गेजने पाहा.

इंजिन परत बसवताना हाताशी आणखी एक माणूस आणि चेसिसच्या नळ्यांवर गुंडाळायला जुनी ट्यूब हवी. गिअरबॉक्ससाठी साधारण १.६ लिटर ऑइल आणून ठेवा. पॉइंटचा गॅप ०.३ ते ०.४ मिमी, ठिणगीचं टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असतो त्या जागेच्या) २ मिमी आधी. इंजिनला टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल पुरवणाऱ्या पंपातली हवा काढा आणि पहिल्या टाकीत पंपाच्या जोडीला प्रत्येक लिटर पेट्रोलमागे २० मिली टू-टी ऑइल मिसळा. इंजिन एकदा गरम होऊन पूर्ण थंड झालं की हेडचे नट पुन्हा तपासायचे असतात, तेव्हा टॉर्क पाना लगेच पेटीत टाकू नका.