गोळीवरून आजार ओळखायचा नाही: नागपुरातून मेडिकल कोडिंगमध्ये येणाऱ्यांसाठी

बी.फार्म. झाल्यावर मी धंतोलीतल्या एका मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर काम केलं. चिठ्ठीवरचं अक्षर लागत नसलं तरी शेजारची दोन औषधं बघून तिसरं कोणतं असेल ते कळायचं, आणि तीन औषधं बघितली की पेशंटला काय झालंय तेही. काउंटरवर ही हुशारी समजतात. आता मी मिहानमध्ये अमेरिकेतल्या इमर्जन्सी विभागांचे चार्ट, म्हणजे पेशंटच्या नोंदी आणि त्यांना दिलेले कोड, ऑडिट करते, आणि नव्या पोरापोरींची नेमकी हीच हुशारी मोडून काढण्यात माझा अर्धा दिवस जातो.

"ताई, पेशंट अटोरव्हास्टॅटिन घेऊन राहिला, म्हणजे कोलेस्टेरॉल असणारच ना?"

असेल. पण डॉक्टरनं लिहिलं कुठं?

बी.फार्म., बीएचएमएस, बीएएमएस, फिजिओथेरपी, नर्सिंग किंवा बायो घेऊन बी.एस्सी. झालेल्यांना कंपन्या आधी बोलावतात. त्यांना शरीररचना शिकवावी लागत नाही, हे खरं. पण हीच मुलं अंदाजही सगळ्यात जास्त लावतात.

काम काय, ते थोडक्यात. अमेरिकेत डॉक्टरनं पेशंट तपासला की त्याची नोंद होते. त्या नोंदीतून दोन गोष्टी काढायच्या: पेशंटला काय होतं आणि डॉक्टरनं काय केलं. 'काय होतं' याचे कोड आयसीडी-१०-सीएममधून येतात. अमेरिकेत ते १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहेत. 'काय केलं' यासाठी सीपीटी, आणि औषधं, साहित्य, उपकरणं वगैरेंसाठी एचसीपीसीएस. भरती पेशंटवर हॉस्पिटलनं केलेल्या प्रोसिजरसाठी आयसीडी-१०-पीसीएस हा वेगळाच संच आहे, सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नका. या कोडवर क्लेम जातो आणि इन्शुरन्स पैसे देते. क्लेम पाठवणं, अडकलेल्या पैशासाठी रात्री अमेरिकेत फोन लावणं हे बिलिंग आणि एआर (थकलेली वसुली) वाल्यांचं काम. कोडरला फोन नसतो, म्हणून बहुतेक ठिकाणी दिवसाची शिफ्ट मिळते. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर 'कॉल सेंटर' म्हणून नन्नाचा पाढा सुरू होतो. रामदासपेठेतल्या हॉस्पिटलमध्ये कॅशलेसचं काम केलं असेल तर शब्द ओळखीचे वाटतील, पण तिथलं पॅकेज आणि इथलं कोडिंग यांचा फारसा संबंध नाही.

आता एक चार्ट घेऊ. सरावासाठी मी बनवलाय, खऱ्या पेशंटचा नाही.

बासष्ट वर्षांची बाई. स्वतःच्या स्वतंत्र घरात (फ्लॅट नव्हे), बाथरूममध्ये पाय घसरून पडली. उजवं मनगट दुखतंय. पडायच्या आधी थोडं गरगरलं होतं. जुने आजार: हायपरटेन्शन, टाइप २ डायबिटीस, सीकेडी (किडनीचा जुनाट आजार) स्टेज ३. औषधं: इन्सुलिन, लिनाग्लिप्टिन, अम्लोडिपिन, अटोरव्हास्टॅटिन, गॅबापेंटिन. एक्स-रेमध्ये उजव्या रेडियसच्या खालच्या टोकाला फ्रॅक्चर. डॉक्टरनं स्वतः शॉर्ट आर्म स्प्लिंट लावला, ऑर्थोकडे जायला सांगितलं. शेवटी लिहिलं: 'डिस्टल रेडियस फ्रॅक्चर, गरगरणे, पॉसिबल सिंकोप' (सिंकोप म्हणजे थोडा वेळ शुद्ध हरपणे).

पहिला कोड फ्रॅक्चरचा. इंडेक्समध्ये फ्रॅक्चर, मग रेडियस, मग खालचं टोक असं जायचं आणि तिथून टॅब्युलर लिस्ट, म्हणजे सूचनांसकट कोडची क्रमवार यादी, उघडायचीच. इंडेक्समधून थेट कोड उचलून देणारा माणूस ऑडिटरला दोन चार्टमध्ये सापडतो. टॅब्युलरमध्ये कळतं की बाजू लागते आणि सातवं अक्षरही. कोड येतो एस५२.५०१ए. शेवटचं 'ए' म्हणजे दुखापतीवर प्रत्यक्ष उपचार चालू आहेत. ती पुढे नुसती भरून येतंय का बघायला आली तर 'डी', आणि जुन्या दुखापतीचा मागे राहिलेला त्रास असेल तर 'एस'. फ्रॅक्चर उघडं की बंद, हे डॉक्टरनं लिहिलेलं नाही. मग बंद धरायचं. हा माझा अंदाज नाही, आयसीडीच्या अधिकृत गाइडलाइनमध्ये तसं लिहिलंय. अंदाज आणि नियम यातला फरक इथेच कळतो.

मग जुने आजार. नवीन कोडर डायबिटीसला ई११.९ देतो, हायपरटेन्शनला आय१० देतो आणि मोकळा होतो. दोन्ही चूक. डायबिटीस आणि सीकेडी एकाच नोंदीत असतील आणि डॉक्टरनं संबंध नाकारला नसेल, तर गाइडलाइन तो संबंध गृहीत धरायला सांगते: ई११.२२. हायपरटेन्शन आणि सीकेडीचंही तसंच: आय१२.९. स्टेज ३ मध्ये ए की बी ते लिहिलेलं नाही म्हणून एन१८.३०. इन्सुलिनसाठी झेड७९.४, तोंडाने घ्यायच्या डायबिटीसच्या गोळीसाठी झेड७९.८४, दोन्ही द्यायचे.

म्हणजे जिथे नियम जोडायला सांगतो तिथे जोडायचं. अटोरव्हास्टॅटिनवरून कोलेस्टेरॉल मात्र जोडायचं नाही, कारण तो आजार नोंदीत कुठेच नाही. गॅबापेंटिनवरून न्यूरोपॅथीही नाही. फार्मसीवाल्यांना हे पटायला जरा वेळ लागतो, पण उत्तर त्यांच्याच पुस्तकात आहे: गॅबापेंटिन फिट्सनाही देतात आणि नसांच्या दुखण्यालाही. प्रोप्रॅनोलॉल बीपीला चालतं, मायग्रेनला चालतं, हाताच्या कंपालाही चालतं. मेटफॉर्मिन पीसीओएसच्या मुलीही घेतात. गोळी एकच, आजार कोणता ते लिहिणारा डॉक्टर. लॅबचंही तेच. हिमोग्लोबिन ८ आहे म्हणून अॅनिमिया द्यायचा नाही. डॉक्टरनं तो शब्द लिहायला हवा. बीएमआय नर्सच्या नोंदीतून घेता येतो, 'ओबेसिटी' मात्र डॉक्टरच्याच हातची लागते.

'पॉसिबल सिंकोप' सोडून द्यायचं. ओपीडी आणि इमर्जन्सीच्या चार्टमध्ये पॉसिबल, प्रॉबेबल, सस्पेक्टेड, रूल आउट यापुढचं काहीही कोड होत नाही. त्याऐवजी लक्षण कोड करायचं. इथे गरगरणं, आर४२. हाच पेशंट हॉस्पिटलात भरती असता आणि डिस्चार्जच्या वेळी 'प्रॉबेबल' लिहिलं असतं, तर हॉस्पिटलच्या बाजूच्या कोडिंगमध्ये तो आजार असल्यासारखाच कोड झाला असता. एकाच शब्दाला दोन ठिकाणी दोन न्याय. इंटरव्ह्यूत हा प्रश्न हमखास येतो.

पडली कशी, कुठे, तेही द्यायचं: घसरून पडण्याचा डब्ल्यू०१.०एक्सएक्सए, आणि स्वतंत्र घराचं बाथरूम म्हणून वाय९२.०१२. मधले दोन 'एक्स' नुसते जागा भरायला, कारण सातवं अक्षर सातव्याच जागी यावं लागतं.

डॉक्टरच्या कामाचा भाग उरला. इमर्जन्सीतल्या तपासणीसाठी ९९२८१ ते ९९२८५. २०२३ पासून यातली पातळी डॉक्टरला निर्णय घ्यायला किती गुंतागुंत पडली त्यावर ठरते. किती वेळ गेला त्याला इमर्जन्सीत महत्त्व नाही. इथे मध्यम गुंतागुंत धरली तर ९९२८४, त्याला २५ मॉडिफायर (कोडला जोडायचा खुलाशाचा आकडा), आणि स्प्लिंटचा २९१२५. २५ म्हणजे ही तपासणी स्प्लिंट लावण्याहून वेगळी आणि स्वतंत्र होती. 'फ्रॅक्चरवर उपचार केले ना, मग २५६०० का नाही?' असं विचाराल. तो कोड दिला तर पुढची देखभालही त्यात धरली जाते, आणि इथे डॉक्टरनं ती ऑर्थोकडे सोपवली आहे. यावर क्लायंटच्या (ज्यांचे चार्ट आपण कोड करतो त्यांच्या) सूचना वेगवेगळ्या असतात. त्या आधी वाचा, मग वाद घाला.

अमेरिकन डॉक्टरच्या भाषेचीही सवय करावी लागते. 'हिस्टरी ऑफ डायबिटीस' असं ते लिहितात तेव्हा बहुतेकदा डायबिटीस आजही चालू असतो. 'हिस्टरी ऑफ ब्रेस्ट कॅन्सर'मध्ये मात्र कॅन्सर काढून झालाय, उपचारही संपलेत असं नोंदीत दिसलं, तर झेड८५.३. आणि 'एसओबी' म्हणजे धाप लागणे. आमच्या बॅचमधला एक मुलगा हे वाचून घाबरला होता की डॉक्टर पेशंटला शिव्या देऊन राहिला.

अभ्यास कुठून सुरू करायचा? आयसीडी-१०-सीएमचे कोड आणि अधिकृत गाइडलाइन सरकारी वेबसाइटवर फुकट आहेत. आधी गाइडलाइनचा पहिला भाग आणि चौथा भाग वाचा, चौथा ओपीडीचा आहे. टॅब्युलरमध्ये कोडखाली येणाऱ्या एक्सक्लूड्स १ आणि एक्सक्लूड्स २ या सूचनांमधला फरक झोपेतून उठवून विचारला तरी सांगता यायला हवा: पहिल्यात सहसा दोन्ही कोड एकत्र देता येत नाहीत, दुसऱ्यात पेशंटला दोन्ही असतील तर देता येतात. सीपीटीचे हक्क अमेरिकन मेडिकल असोसिएशनकडे आहेत, त्यामुळे ते पुस्तक विकत घ्यावं लागतं. जुनं पुस्तक स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. सीपीटी दर १ जानेवारीला बदलतं, आयसीडी दर १ ऑक्टोबरला, आणि मध्ये एप्रिलमध्येही भर पडते.

सीपीसी ही एएपीसी या अमेरिकेतल्या कोडरांच्या संघटनेची परीक्षा. १०० प्रश्न, ४ तास, पास व्हायला ७० टक्के. पुस्तकं उघडून द्यायची असते, आणि म्हणूनच लोक आपटतात: सगळा वेळ पानं उलटण्यात जातो. पुस्तकावर खुणा आधीच करून ठेवा. अनुभव नसेल तर नावापुढे सीपीसी-ए लागतं, 'ए' म्हणजे शिकाऊ. दोन वर्षांच्या कामानंतर ते काढता येतं. फी डॉलरमध्ये आहे, म्हणून माझं मत असं की घरची परिस्थिती बेताची असेल तर आधी नोकरी धरा. फ्रेशर घेऊन स्वतः शिकवणाऱ्या कंपन्या आहेत. परीक्षा पगारातून देता येते.

क्लासबद्दल जास्त बोलत नाही. '१०० टक्के प्लेसमेंट' लिहिलेला फलक दिसला की आत जाऊन एकच मागा: मागच्या बॅचमधल्या दोघांशी बोलायचंय.

कामावर दोन आकडे मागे लागतात, प्रॉडक्शन आणि क्वालिटी. तासाला किती चार्ट ते स्पेशालिटीवर आहे. एक्स-रेचे पटापट होतात, सर्जरीचा एकच चार्ट जीव काढतो. क्वालिटी बहुतेक ठिकाणी ९५ टक्के मागतात. पहिले काही महिने वेगाच्या मागे धावू नका, वेग आपोआप येतो, आणि घाईत लागलेली सवय सुटत नाही. ऑडिटरनं चूक काढली आणि ती तुम्हाला मान्य नसेल तर रिबटल (लेखी हरकत) टाका, गाइडलाइनचा नेमका भाग देऊन. 'मला वाटलं' असं लिहून आलेलं रिबटल मी वाचून बंद करते. आजकाल सॉफ्टवेअरही कोड सुचवतं, आणि तेही औषधांची यादी बघून आजार सुचवायला कमी करत नाही. त्याचंही ऑडिट तुम्हालाच करायचं आहे.

मोबाइल लॉकरमध्ये, डेस्कवर कागद नाही, चार्टचा फोटो तर विचारातही नाही. पेशंटची माहिती गुप्त ठेवायला लावणारा अमेरिकेचा १९९६ चा हिपा कायदा आणि क्लायंटचा करार यामुळे याबाबतीत कुणी माफी देत नाही. घरून काम मिळालं तरी खोलीत एकटंच बसायचं असतं. दोन खोल्यांच्या घरात, मे महिन्यात, एकच कूलर असताना हे सोपं नसतं. ऑफिस निवडायचा पर्याय असेल तर मी खापरीपर्यंत मेट्रो धरायला सांगेन.

नागपुरात संधी मोजक्या आहेत, मिहान आणि परसोडीचा आयटी पार्क धरून. हैदराबाद, चेन्नई, पुण्यात जास्त. एक-दोन वर्षं बाहेर काढून परत आलेले माझ्या टीममध्ये आहेत, आणि त्यांना इथे आधीच्यापेक्षा बरा हुद्दा मिळाला.

ऑफर लेटर आलं की तीन गोष्टी विचारा: हातात किती येणार, इन्सेंटिव्ह कोणत्या क्वालिटीनंतर सुरू होतो, आणि बाँड आहे का. बाँड असेल तर किती महिन्यांचा आणि मोडला तर किती रक्कम, हे कागदावर घ्या. ओरिजिनल मार्कशीट जमा करा म्हणाले तर झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवून परत घ्या, आणि ते नाही म्हणाले तर उठून या.