एफ३ दाबा, मायना हजर

गणेशोत्सव जवळ आला की इंदुरातल्या मराठी मंडळांच्या चिटणिसांना एकाच आठवड्यात तीन भाषांत लिहावं लागतं. नगर निगमला आणि पोलीस थान्याला हिंदीत अर्ज, सभासदांना मराठीत पत्रक, बँकेला इंग्रजीत. यातला बराचसा मजकूर दर वर्षी तोच असतो. म्हणून बहुतेक जण मागच्या वर्षीची फाइल उघडून तारखा बदलतात, आणि मग माजी अध्यक्षांच्या नावानं अर्ज जातो. त्यापेक्षा नेहमीचे तुकडे एकदाच साठवून ठेवावेत: मायना, मंडळाचा पत्ता, वर्गणीची विनंती, शेवटचं ‘आपले नम्र’ आणि सह्यांची जागा. अख्खं पत्र साठवू नका. तुकडे जोडून पत्र करणं जास्त सोयीचं पडतं.

वर्डमध्ये तुकडा नीट टाइप करून निवडा आणि ऑल्ट-एफ३ दाबा. चौकट उघडेल. नाव द्या, गॅलरीत ‘ऑटोटेक्स्ट’ निवडा, ‘सेव्ह इन’मध्ये ‘नॉर्मल’ ठेवा आणि ओके करा. पुढे कुठल्याही फाइलमध्ये ते नाव टाइप करून लगेच एफ३ दाबलं की नावाच्या जागी पूर्ण मजकूर येतो. मजकुराचं संरेखन आणि ओळींमधलं अंतरही हवं असेल, तर निवडताना परिच्छेदाच्या शेवटची खूण आत घ्यावी लागते. ती दिसत नसेल तर कंट्रोल-शिफ्ट-८ दाबा. पत्ता डावीकडे सरकून येतो अशी तक्रार असते तिथे बहुधा ही खूणच सुटलेली असते.

एफ३ दाबूनही काही घडलं नाही, तर आधी कीबोर्ड तपासा. बऱ्याच लॅपटॉपवर ती कळ आवाज किंवा उजेड कमी-जास्त करते, तेव्हा एफएन धरून दाबा. कळ ठीक असेल तर नाव तपासा. त्याच्या आधी मोकळी जागा हवी. आधीच्या शब्दाला चिकटलं तर वर्ड ते ओळखत नाही.

नावं देवनागरीतच ठेवा, म्हणजे मधेच कीबोर्ड बदलावा लागत नाही. मात्र ‘पत्ता’ आणि ‘पता’ अशी जोडी ठेवलीत तर घाईत चुकणारच. ‘मपत्ता’, ‘हिपता’ असं भाषेचं अक्षर पुढे लावा. नावात ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ टाळा. हा अर्धा र दोन प्रकारांनी टाइप होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती अक्षरं वेगळी असतात. एका कीबोर्डावर साठवलेलं नाव दुसऱ्यावर चालत नाही, आणि का चालत नाही ते नुसत्या डोळ्यांना कळतही नाही.

मध्य प्रदेशात अजून कृतिदेव या फाँटमध्ये टायपिंग करणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: कृतिदेवचं देवनागरी हा फक्त फाँटचा मुखवटा आहे, आत रोमन अक्षरं असतात. तुकडा साठवण्याआधी तो निवडून त्यावर फाँट थेट लावा. फाँट नुसता स्टाइलमधून आलेला असेल, तर दुसऱ्या फाइलमध्ये मजकूर त्या फाइलच्या फाँटमध्ये उतरतो आणि अर्जाचा इंग्रजी काला होतो. नवं काम युनिकोडमध्येच, म्हणजे अक्षरं आतूनही देवनागरीच राहतात अशा पद्धतीत, करणं बरं.

वर्डऐवजी लिब्रेऑफिस रायटर वापरत असाल, तर त्यात मजकूर निवडून कंट्रोल-एफ३ दाबा, ‘माय ऑटोटेक्स्ट’ हा गट निवडा, नाव लिहा आणि ‘ऑटोटेक्स्ट’ बटणातून ‘न्यू’ घ्या. मजकूर निवडलेला नसेल तर ‘न्यू’ फिकट राहतं. नावातल्या शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरून रायटर शॉर्टकट स्वतः सुचवतो. ‘नगर निगम अर्ज’ लिहिलं की ‘ननअ’. पटत नसेल तर बदला. पुढे शॉर्टकट आणि एफ३, वर्डसारखंच. ‘न्यू’खालीच ‘टेक्स्ट ओन्ली’ असतं, ते सजावट टाकून नुसती अक्षरं ठेवतं. कृतिदेववाल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

जिथे दर वेळी वेगळा मजकूर येतो, रक्कम, तारीख, सभासदाचं नाव, तिथे तुकड्यात ## ठेवा. छापण्यापूर्वी कंट्रोल-एफ दाबून ## शोधा. एकही सापडता कामा नये. तारखेसाठी वर्डची ऑल्ट-शिफ्ट-डी ही कळ मोहात पाडते, पण ती बदलती तारीख टाकते. भाद्रपदातलं पत्र दिवाळीत उघडलं की त्यावर दिवाळीची तारीख. टाकलीच असेल तर ती निवडून कंट्रोल-शिफ्ट-एफ९ दाबा, म्हणजे तिथेच गोठते.

अध्यक्ष बदलले की तुकडाही बदलायचा. तो फाइलमध्ये आणा, दुरुस्त करा, निवडून पुन्हा ऑल्ट-एफ३ दाबा, तेच नाव, तीच गॅलरी आणि तोच गट द्या. वर्ड विचारेल, जुनं बदलू का? हो म्हणा. आधी लिहिलेल्या पत्रांत काही बदलत नाही, तिथे मजकुराची नक्कल पडलेली असते. वर्ड बंद करताना टेम्प्लेट (तुकडे जिथे साठतात ती ‘नॉर्मल’ फाइल) जतन करायचं का असं विचारलं, तर तिथेही हो म्हणा. सवयीनं ‘नाही’ दाबलं की तासाभराची मेहनत गेली.

चिटणीसपद दुसऱ्याकडे गेलं, तर तुमची ‘नॉर्मल’ फाइल त्यांच्या संगणकावर चढवू नका. त्यांचे स्वतःचे साठवलेले तुकडे पुसले जातील. मंडळासाठी वेगळी टेम्प्लेट फाइल करा, तिच्यावरून नवी फाइल उघडा आणि तुकडे साठवताना ‘सेव्ह इन’मध्ये ‘नॉर्मल’ऐवजी ती निवडा. मग तेवढी एकच फाइल पेनड्राइव्हवरून द्यायची. त्यांनी ती वर्डच्या ‘स्टार्टअप’ फोल्डरात ठेवली आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडलं की सगळे तुकडे त्यांच्याकडेही त्याच नावांनी चालतात.