झऱ्याच्या ओढ्यावर टोळीनं ट्राउट धरायला निघालात? या चुका टाळा

आठ जण, दोन गाड्या, डिकीत इडल्यांचा डबा आणि भाड्याचे वेडर (पाण्यात उतरायच्या उंच जलरोधक विजारी). पहिल्या वर्षी आम्ही न्यू जर्सीहून पेनसिल्व्हेनियातल्या स्प्रिंग क्रीकवर गेलो, तेव्हा दिवसभरात मिळून एक ट्राउट लागला. तोही ज्याला फ्लाय रॉड (किड्याची नक्कल बांधलेला गळ, म्हणजे फ्लाय, टाकायची काठी) नीट धरताही येत नव्हता त्याला. आमच्या गोंगाटाला कंटाळून तो वरच्या वळणावर एकटाच जाऊन बसला होता. पुढची दोन वर्षं आम्ही फ्लाय बदलत राहिलो. खरं म्हणजे बसायची जागा बदलायला हवी होती.

सगळे एकाच डोहावर

स्टेट कॉलेज या गावाकडून बेलफोंट गावाकडे जाणाऱ्या या ओढ्याला चुनखडीच्या खडकातले झरे पाणी पुरवतात. म्हणून ते वर्षभर थंड, नितळ आणि बऱ्याच ठिकाणी संथ असतं. डोंगरी नदीच्या खळखळाटात आपल्या चुका झाकल्या जातात, इथे तसं होत नाही. इथला रानटी ब्राउन ट्राउट तुम्हाला दिसला, तर त्यानं तुम्हाला आधीच पाहिलेलं असतं, असंच समजा.

गंमत म्हणजे गप्पांनी फारसं बिघडत नाही, कारण हवेतला आवाज पाण्यात फार कमी शिरतो. घात करतात ते पाय. काठावरचा धप्प आवाज, बुटाखाली घसरलेला दगड, यांची कंपनं माशाला अंगाच्या कडेच्या रेषेतून लगेच जाणवतात. त्यातून कुणी पांढरा टीशर्ट घालून उंच काठावर उभा राहिला की संपलंच.

आता आम्ही जोड्या करतो. दोन जोड्यांत निदान शंभर-दीडशे मीटरचं अंतर. वर जायचं असेल तर काठ सोडून, शेताच्या बाजूनं लांबचा वळसा. दुसऱ्यांच्या वरच्या अंगाला पाण्यात उतरायचं नाही, कारण ढवळलेला गाळ थेट त्यांच्या माशांवर जातो. ट्राउट तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, म्हणून खालून वर, वाकून, मागून जायचं. आणि जोडीत रॉड एकच बाहेर. एकानं टाकायचं, दुसऱ्यानं गुडघ्यावर बसून मासा न्याहाळायचा. नवख्यांना हे शिक्षा वाटतं, पण शिकतात ते या बसण्यातच.

मासे दिसतात, पण घेत नाहीत

सर्वाधिक तक्रार हीच, आणि दोष बहुतेक वेळा फ्लायचा नसतो. लाईन प्रवाहात ओढली जाते आणि फ्लाय बाजूला सरकतो. खरा किडा असा सरकत नाही. आधी लीडर (लाईनच्या पुढचा बारीक दोरा) लांब करा, बारा फुटांपर्यंत. टिपेट, म्हणजे लीडरचं सर्वात बारीक टोक, ६एक्स जाडीचं. लाईन पडल्यावर लगेच प्रवाहाच्या वरच्या बाजूला उचलून टाका, म्हणजे फ्लाय मोकळा वाहील. त्यानंतरही नाहीच घेतला, तर फ्लायची डबी उघडा.

पाण्यावर वलय उठलं की सगळे ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारा) बांधतात. जरा थांबा. वलयात बुडबुडा राहिला, तर माशानं किडा पृष्ठभागावरून उचलला असण्याची शक्यता जास्त, कारण त्यासोबत हवाही तोंडात जाते. नुसती पाठ किंवा शेपटी दिसली, तर तो पृष्ठभागाखालची अळी खातोय. काहीच दिसत नसेल, तर हाती येईल तेवढी पाणवनस्पती उपसून बघा. करड्या, चपट्या, तळहातावर वळवळणाऱ्या क्रेस बगची (पाणवनस्पतीत राहणाऱ्या छोट्या जीवाची) नक्कल सोळा-अठरा नंबरच्या बारीक गळावर बांधली, की भर दुपारीही काम होतं.

आमची सर्वात महागडी चूक मात्र घड्याळाची. मे-जूनमध्ये इथे ट्राउटच्या खाण्यातल्या पिवळसर सल्फर माश्या उडतात, त्याही बहुधा संध्याकाळी. आम्ही दोन वर्षं बरोबर त्याच वेळी गावातल्या हॉटेलात टेबल राखून ठेवलं होतं!

झटका

ज्यांचं लहानपण कोकणात खाडीवर गरी टाकण्यात गेलंय, त्यांचा हात इथे आडवा येतो. चाहूल लागली की हिसका. ६एक्सचा दोरा तेवढ्यात तुटतो आणि फ्लाय माशाच्या ओठात राहतो. रॉडचं टोक फक्त वर उचला. पहिली धाव त्याला घेऊ द्या.

नियम आणि फोटो

सोळा वर्षांपासून पुढच्या प्रत्येकाला राज्याचा परवाना लागतो, आणि त्यावर वेगळं ट्राउट परमिट. गटातला एक तरी हे दुसरं विसरतोच. फिशरमन्स पॅराडाइज हा १९३४ पासूनचा प्रसिद्ध पट्टा फक्त फ्लायसाठी आहे, तिथे पाण्यात उतरायलाही मनाई. जुन्या रासायनिक प्रदूषणामुळे ओढ्यावर मासा सोडून देण्याचा नियम आला, त्यामुळे कालवणाची स्वप्नं घरी ठेवा. नियमानं माशांचं मात्र भलं झालं.

आठ जणांनी एकाच माशासोबत फोटो काढू नयेत. काटा चेपलेला गळ, ओले हात, मासा जाळीत पाण्यातच, आणि एकच फोटो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तळाशी खरवडल्यासारखे फिकट खडीचे गोल दिसले, तर त्यांवरून चालू नका. तिथे अंडी असतात.

भाड्याचे वेडर

२०१३ मध्ये या ओढ्यात न्यूझीलंडच्या चिखलगोगलगायी सापडल्या. मोहरीपेक्षा जरा मोठ्या, बुटाच्या शिवणीत बसून दुसऱ्या ओढ्यात जाणाऱ्या. नुसतं झटकून भागत नाही. घासून धुवायचं आणि रात्रभर गोठवायचं. त्यामुळे मोसमभर आमच्या फ्रीझरमध्ये किसलेल्या नारळाच्या पाकिटांशेजारी बुटांचा एक जोड असतो, आणि त्याबद्दल घरात काय बोललं जातं ते इथे लिहिण्यासारखं नाही.