रॉकेट उड्डाणांचा इतिहास कसा अभ्यासावा

तारखा पाठ करण्याऐवजी प्रत्येक उड्डाणाबाबत एकच प्रश्न विचारावा: या वेळी कोणती अडचण सुटली? सुरुवात १६ मार्च १९२६ पासून करावी. रॉबर्ट गॉडार्ड यांचे रॉकेट त्या दिवशी जेमतेम अडीच सेकंद उडाले आणि सुमारे साडेबारा मीटर उंची गाठून खाली आले. पण पेट्रोल व द्रवरूप ऑक्सिजन यांच्या ज्वलनावर रॉकेट उडू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

नंतर ४ ऑक्टोबर १९५७ च्या स्पुटनिक-१ या पहिल्या कृत्रिम उपग्रहाकडे वळावे. अवघ्या ८३.६ किलोग्रॅमचा हा गोळा कक्षेत टिकला तो केवळ उंचीमुळे नव्हे, तर सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर या आडव्या वेगामुळे. हा फरक नीट उमगल्याशिवाय, माझ्या मते, पुढे जाऊच नये.

मग माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटचा आराखडा समोर घ्यावा आणि रिकाम्या टाक्यांचे ओझे टाकून देण्यासाठी टप्पे कसे गळून पडत, ते पाहावे.

अपयशेही तितक्याच बारकाईने वाचावीत. ४ जून १९९६ रोजी एरियन-५ या युरोपीय रॉकेटचे पहिलेच उड्डाण मिनिटभरही टिकले नाही, कारण आधीच्या एरियन-४ साठी लिहिलेल्या संगणकीय आज्ञावलीला नव्या रॉकेटच्या आडव्या वेगाशी निगडित आकडा सामावून घेता आला नाही.