सोलापूरच्या कॉलेजात सायकॉलॉजी शिकवायची तर

एमए झालं, नेट-सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा निघाली आणि सोलापुरातल्या एखाद्या कॉलेजात सायकॉलॉजीला लागलात, कायम असा की सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, तर पहिलं हे डोक्यात पक्कं करा की इथली खरी नोकरी वर्गातच आहे. युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास थेट शिकवणं धरलंय, आणि जर्नल म्हणजे प्रॅक्टिकलच्या वह्या तपासणं, इंटर्नल परीक्षा, कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली हे सगळं त्याच्या वर. त्यामुळे रिसर्च जमेल तेव्हा करा पण लेक्चरची तयारी उरलेल्या वेळात ढकलू नका, पोरं लांबलांबून एसटीनं येतात हो, त्यांना गाईड वाचून दाखवायचं असेल तर ते घरी बसून वाचतीलच की.

प्रॅक्टिकलवर सगळ्यात जास्त जीव लावा. बऱ्याच ठिकाणी मागच्या वर्षीचं जर्नल बघून आकडे उतरवतात आणि तिथंच विषय मरतो. आपल्या वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा घरच्या भाषा असतात, त्याचा फायदा घ्या. स्मरणाचा प्रयोग घ्या, एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये मांडला तो, त्यात निरर्थक शब्द लागतात. आता यादीत तुम्ही 'पालू' टाकलंत तर मराठी पोराला त्याचा काही अर्थ नाही, पण शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरातल्या पोरीला ते सरळ 'दूध' आहे, तिला तो शब्द लगेच लक्षात राहणार आणि तुमचा निकाल बिघडणार. म्हणून यादी आधी वर्गातल्याच चार भाषांच्या चार पोरांकडून तपासून घ्या, कुणालाही अर्थ लागला की तो शब्द बाद. एवढ्या एका कामातून प्रयोगातलं नियंत्रण, म्हणजे निकाल बिघडवणाऱ्या बाकीच्या गोष्टी आवरणं, म्हणजे काय हे पोरांना जे कळतं ते फळ्यावर व्याख्या लिहून कळत नाही.

स्ट्रूपचा प्रयोगही असाच. 'लाल' हा शब्द हिरव्या स्केचपेननं लिहायचा आणि शाईचा रंग विचारायचा, पोरं अडखळतात, कारण वाचायचं थांबवता येत नाही. मग तेच रंगांचे शब्द तेलुगू लिपीत लिहून दाखवा. ज्यांच्या घरी तेलुगू बोलतात पण शाळा मराठी माध्यमाची झालीय आणि ती लिपी येतच नाही, ती पोरं धडाधड रंग सांगतात, आणि ज्यांना लिपी वाचता येते ती अडकतात. म्हणजे घोटाळा भाषा येण्याचा नाही, वाचनाच्या सवयीचा आहे, हे त्यांचं त्यांनाच दिसतं. वेळ मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजला तरी चालतं, महागडं उपकरण नाही म्हणून प्रयोग सोडायचा नाही.

उदाहरणं पुस्तकातली नकोत. ऋण प्रबलन आणि शिक्षा यात दरवर्षी गोंधळ होतो, पेपरात तर हमखास. एप्रिलमधलं सोलापूरचं ऊन घ्या, कूलर लावला की उकाडा जातो, त्रास गेला म्हणून उद्या पुन्हा कूलर लावण्याची वागणूक वाढते, हे झालं ऋण प्रबलन. शिक्षेनं वागणूक कमी होते. वाढली की कमी झाली एवढंच विचारायची सवय लावा. आणि लेक्चरच्या सुरुवातीची पाच मिनिटं वह्या बंद करून कालचं आठवून लिहायला लावा, मार्क द्यायचे नाहीत, आठवण्याच्या सरावानं पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा जास्त काळ लक्षात राहतं हे रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलंय.

जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा असते, वर्ग ओस पडतो, त्यावर चिडण्यापेक्षा निरीक्षणाचं प्रॅक्टिकल तेव्हाच ठेवा. दोघादोघांनी गड्ड्यावर, म्हणजे त्या यात्रेच्या जत्रेत, एकाच स्टॉलसमोर पंधरा मिनिटं थांबायचं, किती जण थांबले, किती जणांनी भाव विचारला, किती जणांनी घेतलं, हे एकमेकांचं न बघता टिपायचं आणि मग ताळा करायचा. आकडे जुळत नाहीतच, मग 'थांबला' म्हणजे नक्की काय यावर वाद होतो आणि तो वाद म्हणजेच त्या दिवसाचं लेक्चर. फोटो नाही, नावं नाहीत, हे आधीच बजावून ठेवा.

आता सगळ्यात नाजूक भाग. सायकॉलॉजीचे सर-मॅडम म्हटलं की पोरं मन मोकळं करायला येतात, घरची भांडणं, लग्नाचा दबाव, नापास होण्याची भीती. ऐकाच, दार बंद करू नका, पण उपचार करायला जाऊ नका, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला वेगळं प्रशिक्षण आणि आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते, आपल्या एमएवर ते होत नाही. जीव द्यायची भाषा कुणी केली तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, एकटं सोडू नका, जवळच्या विश्वासाच्या माणसाला बोलवा आणि डॉक्टरांपर्यंत पोचवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, डिपार्टमेंटच्या दारावर मोठ्या अक्षरात लावून ठेवा. आणि चिंता-नैराश्याच्या चाचण्यांचे स्कोअर वर्गात मोठ्यानं वाचायचे नाहीत, जर्नलवर नावाऐवजी कोड घालायचा, एखाद्या पोरीचा स्कोअर कँटीनपर्यंत गेला की ती परत प्रॅक्टिकलला बसत नाही.

रिसर्च छोटा ठेवा पण इथला ठेवा. मानसशास्त्रातला बराच माल पाश्चात्त्य, सुशिक्षित, पैसेवाल्या देशांतल्या लोकांवरच तपासलेला आहे हे २०१० मध्ये हेनरिक या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी ठासून मांडलं. आपल्याकडे यंत्रमागावर रात्रपाळी करणारी माणसं आहेत, विडी कामगार बायका आहेत, त्यांच्या झोपेबद्दल, ताणाबद्दल नीट विचारलं तर खरं काहीतरी हाती लागेल. आधी संमती घ्या, प्रश्न त्यांच्या भाषेत नेऊन दोन-चार जणींना समजतायत का बघा, विड्या वळायचं काम थांबवून त्यांना फॉर्म भरायला बसवू नका कारण त्यांची मजुरी वळलेल्या विड्यांच्या हिशोबावर असते. पैसे घेऊन चार दिवसांत पेपर छापून देणाऱ्यांच्या नादी अजिबात लागू नका, आणि कॅसच्या, म्हणजे बढतीच्या योजनेच्या, फाईलचे कागद दर महिन्याच्या शेवटी लावत चला, प्रमोशनच्या वेळी पाच वर्षांचे कागद एकदम शोधत बसलात तर त्या आठवड्यातली लेक्चरं बुडतात.